कोकण किनाऱ्यावर घर बांधण्याआधी जागा कशी तयार करावी?

प्रश्न थोडक्यात असा: गुहागर-दापोली पट्ट्यात समुद्रापासून अंदाजे तीनशे मीटरवर दहा गुंठे जागा आहे. पुढे माडाची वाडी, मागे लहानशी खाडी. स्वतःला राहण्यासाठी तळमजला अधिक एक मजला असे घर बांधायचे आहे. जेसीबीवाला म्हणतो, आधी जागा सपाट करून भराव टाकून घ्या, बाकीचे नंतर बघू. तसे करावे का?

नको. किनाऱ्यावरच्या जागेत सगळ्यात महाग पडते ते हेच काम. जागा कोणत्या मातीची आहे, पाणी कुठून येते आणि कुठे जाते, कायद्याची रेषा कुठून जाते, हे सगळे मूळ उतार शाबूत असेपर्यंतच दिसते. एकदा मुरमाचा थर बसला की या खुणा झाकल्या जातात. शिवाय सीआरझेडमध्ये, म्हणजे किनारा नियमन क्षेत्रात, भराव आणि बांधबंदिस्ती यांवर बंधने आहेत, सक्रिय वाळूचे उंचवटे सपाट करायला मनाई आहे. सपाटीकरण झाल्यावर परवानगी मागायला गेलात, तर पहिला प्रश्न त्याचाच येतो.

कागद आणि रेषा

सातबारा, आठ अ, फेरफार सगळे बघतात. कोकणात खरी गोम इतर हक्कांच्या रकान्यात आणि सामाईक क्षेत्रात असते. एका हिश्श्यात पंधरा नावे असतील तर विकणाऱ्याने दाखवलेला तुकडा प्रत्यक्ष वाटपाने त्याचा आहे का, हे आधी पाहा. जमीन शेती असेल आणि तुम्ही शेतकरी नसाल, तर खरेदीपूर्वीच वकिलाला विचारा. गावठाणाच्या हद्दीपासून दोनशे मीटरच्या आत जागा असेल, तर बिनशेतीची वाट बरीच सोपी होते.

मोजणी भूमी अभिलेखकडून करून घ्या, हद्द कायम करून 'क' प्रत हातात घ्या. गडगा (रचलेल्या दगडांचे कुंपण) आहे म्हणजे हद्द तिथेच आहे असे समजू नका. माडाच्या रांगा आणि गडगे पिढ्यान्पिढ्या सरकत असतात. मोजणीदाराने लावलेल्या खुणांवर त्याच दिवशी सिमेंटात चिरे बसवा, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात त्या सापडायच्या नाहीत.

आता सीआरझेड. २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे ग्रामीण किनारा सीआरझेड-३ मध्ये येतो. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्येची घनता दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त असेल तर तो ३-अ, आणि तिथे ना-विकास क्षेत्र भरतीरेषेपासून ५० मीटर. त्याहून कमी असेल तर ३-ब, आणि ना-विकास क्षेत्र २०० मीटर. कोकणातली बहुतेक गावे ३-ब मध्येच बसतात. २०० ते ५०० मीटरच्या पट्ट्यात परंपरागत वस्तीच्या चौकटीत घर बांधता येते, पण उंची ९ मीटरच्या आत आणि तळमजला अधिक एक मजला एवढेच. ही ९ मीटर एकूण उंची आहे. जोते उंच घ्यावे लागणार असेल तर उतरत्या छपराचा हिशेब आराखड्यातच बसवा.

तुमच्या जागेत लोकांच्या नजरेतून सुटते ती मागची खाडी. भरतीचे पाणी जिथवर आत येते, तिथवर तिच्या काठालाही सीआरझेड लागू होते. ही हद्द ठरवताना वर्षातल्या सर्वांत कोरड्या दिवसांतली पाण्याची क्षारता, हजार भागांत पाच भाग, हा निकष धरतात. ३-ब मध्येही खाडीकाठचे ना-विकास क्षेत्र ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतले जे कमी असेल ते. म्हणजे समुद्राकडून जागा सुरक्षित वाटत असली तरी मागची बाजू अडकू शकते. खाडीकाठी कांदळवन असेल तर मामला आणखी कडक. कांदळवनाभोवतीच्या ५० मीटरमध्ये बांधकामाचा विचारच सोडा. राडारोडा टाकणेही गुन्ह्यात जमा आहे.

भरतीरेषा म्हणजे तुम्हाला किनाऱ्यावर दिसणारी ओल्या वाळूची कड नव्हे. ती मंजूर किनारा व्यवस्थापन आराखड्यात आखलेली असते. आपल्या जिल्ह्यात आज कोणता आराखडा लागू आहे ते नगररचना कार्यालयातून लेखी घ्या आणि अधिकृत संस्थेकडून १:४००० प्रमाणातल्या नकाशावर आपला गट बसवून घ्या. स्वतःच्या राहण्यासाठी ३०० चौरस मीटरपर्यंत बांधीव क्षेत्र असेल, तर २०१९ च्या अधिसूचनेनुसार राज्याच्या किनारा प्राधिकरणाची शिफारस लागत नाही, स्थानिक प्राधिकरण मंजुरी देते. पण तेही प्रस्ताव सीआरझेडच्या कसोटीवर तपासूनच. होमस्टेच्या चार खोल्या धरून आराखडा काढलात तर ही सवलत विसरा.

एक पावसाळा बघून घ्या

वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर आणि त्याहून जास्त पाऊस, तोही जवळपास सगळा चार महिन्यांत. त्यात अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की खाडी पाणी घेत नाही आणि पऱ्या (लहान ओढा) उलटा फुगतो. जागेची खरी पातळी त्या दोन-तीन तासांत कळते. खरेदी आणि बांधकाम यांच्यात एक पावसाळा मिळत असेल तर तो वाया गेला असे समजू नका. जुलै-ऑगस्टच्या उधाणात जागेवर जाऊन पाणी जिथवर आले तिथे खुंट्या ठोका, माडाच्या बुंध्यावर ऑइल पेंटने रेघ मारा. वेळ नसेल तर शेजाऱ्यांना विचारा. फक्त "पाणी येतं का?" असे विचारू नका, कारण उत्तर "छे, इथे कुठलं पाणी!" असेच मिळते. "जुलै २०२१ मध्ये तुमच्या पायरीला पाणी कुठवर होतं?" असे विचारा. लोक हात लावून जागा दाखवतात.

ऑक्टोबरमध्ये ऑटो लेव्हल किंवा टोटल स्टेशनने पातळ्या घ्या. दर पाच मीटरवर एक वाचन, समपातळी रेषा अर्ध्या मीटरच्या. जागा जवळजवळ सपाट असेल तर २५ सेंटिमीटरच्या. जागेच्या बाहेरचा रस्ता, गटाराचा तळ, पऱ्याचा तळ आणि पाण्याच्या त्या खुणा यांच्याही पातळ्या त्याच बेंचमार्कवरून, म्हणजे उंची मोजायच्या पक्क्या खुणेवरून, घ्या. बेंचमार्क न हलणाऱ्या ठिकाणी घ्या: मोरीचा कठडा, देवळाची पायरी. वाडीतला दगड नको.

इथे एक घोळ नेहमी होतो. भरतीच्या तक्त्यातले आकडे चार्ट डेटमपासून (सर्वांत खोल ओहोटीच्या आसपासच्या पातळीपासून) मोजलेले असतात, तर नकाशातली उंची सरासरी समुद्रसपाटीपासून. मुंबईत या दोन शून्यांमध्ये सुमारे अडीच मीटरचा फरक आहे, इतर बंदरांत तो वेगळा. "उधाणाची भरती साडेचार मीटर आणि आपली जागा चार मीटरवर, म्हणजे बुडणार" असे घाबरणारे भेटतात, आणि उलट्या दिशेने चुकून निर्धास्त राहणारेही. दोन्ही आकडे एकाच शून्यावर आणल्याशिवाय तुलना करू नका.

जोत्याची पातळी ठरवायला माझा ठोकताळा असा: पाण्याची सर्वांत उंच खूण अधिक ६० सेंटिमीटर, किंवा रस्ता अधिक ४५ सेंटिमीटर, यांतले जे जास्त असेल ते. रस्ता दर डांबरीकरणाला काही सेंटिमीटर वर येतो, म्हणून आज बरोबरीत असलेले अंगण दहा वर्षांत खड्ड्यात जाते.

माती: वर वाळू, खाली काय?

किनाऱ्याच्या एकाच गावात तीन वेगळ्या जमिनी असतात. सड्यावर (उंच कातळपठारावर) जांभा, वाडीत वाळू, खाजणाकडे (भरतीच्या खाऱ्या दलदलीकडे) काळा चिखल. तुमच्या जागेत वाळू आणि चिखल दोन्ही असण्याची दाट शक्यता आहे, कारण खाडी पूर्वी कुठून वाहत होती ते आज दिसत नाही.

दीड मीटरचा खड्डा खणून "बघा, मस्त वाळू लागली" म्हणणे धोक्याचे. त्या वाळूखाली दोन मीटरवर मऊ चिखलाचा थर असू शकतो. घराच्या आराखड्यातल्या दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांवर (प्लॉटच्या नव्हे, घराच्या) बोअर घ्या. खोली आठ ते दहा मीटर किंवा घट्ट थरात तीन मीटर, आणि दर दीड मीटरवर एसपीटी, म्हणजे ठोके मोजून मातीचा घट्टपणा बघणारी चाचणी. वाळूत एन आकडा (ठोक्यांची संख्या) दहाच्या खाली म्हणजे सैल. चिकणमातीत चारच्या खाली म्हणजे मऊ, दोनच्या खाली तर अतिमऊ. बोअरमधून काळी, कुजका वास मारणारी, शिंपल्यांचे तुकडे असलेली माती आली, की पायाचा निर्णय स्थापत्य अभियंत्याने घ्यायचा, गवंड्याने नव्हे. मातीचा आणि भूजलाचा क्लोराइड, सल्फेट व पीएच तपासून घ्यायला त्याच अहवालात सांगा. नंतर वेगळे नमुने पाठवण्याचा कंटाळा येतो आणि ते राहून जाते.

आता भरावाचे गणित बघा. दाबलेल्या मुरमाचे वजन घनमीटरला अठरा किलोन्यूटनच्या आसपास. दीड मीटर भराव म्हणजे चौरस मीटरला सत्तावीस किलोन्यूटन. तळमजला अधिक एक मजला असे आरसीसी घर सरासरीने वीस-पंचवीस किलोन्यूटन भार टाकते. म्हणजे चिखलावर दीड मीटर भराव टाकणे हे तिथे आधी एक अदृश्य दुमजली घर बांधण्यासारखे आहे. चिखल त्याच्या ओझ्याने वर्षानुवर्षे बसत राहतो, आणि त्यासोबत अंगण, पायऱ्या, सेप्टिक टाकीचे पाइप. घर पाइल्सवर (जमिनीत खोल उतरवलेल्या खांबांवर) असले तर घर जागेवर राहते आणि भोवतालची जमीन खाली जाते. पाइप तुटतात ते नेमके घराच्या भिंतीपाशी, शिवाय बसणारी माती पाइल्सना खाली ओढते ते वेगळेच. अशा जागी भराव कमी करून घरच खांबांवर उचलणे केव्हाही बरे.

वाळूवर भराव चालतो, पण सगळ्या दहा गुंठ्यांवर कशाला? हिशेब करा. दहा गुंठे म्हणजे सुमारे १०१२ चौरस मीटर. ६० सेंटिमीटर दाबलेला भराव म्हणजे ६०७ घनमीटर, सैल माप पाव हिश्शाने जास्त धरले तर ७५९ घनमीटर, म्हणजे २६८ ब्रास. तेच १२ बाय १४ मीटरच्या घराला चारी बाजूंनी तीन मीटर पट्टा ठेवून १८ बाय २० मीटरचा ओटा केला, तर २१६ घनमीटर, सैल २७०, म्हणजे ९५ ब्रास. पावणेदोनशे ब्रास वाचतात, वाडी जिवंत राहते आणि पावसाच्या पाण्याला जायला जागा उरते. माडांच्या बुंध्याभोवती अर्धा मीटर माती चढवली तर माड लगेच मरत नाही, पण खंगतो.

भराव सैल मापात २०-२५ सेंटिमीटरच्या थरांनी, प्रत्येक थराला पाणी आणि व्हायब्रेटरी रोलर. डंपर रिकामा करून वरून जेसीबी फिरवला म्हणजे दबाई झाली, हा समज सोडा. प्रॉक्टर घनतेच्या (प्रयोगशाळेत त्या मातीची मिळणारी सर्वाधिक दाबलेली घनता) ९५ टक्के, आणि दोन-तीन थरांआड एक चाचणी. मुरूम आणताना गौण खनिजाच्या वाहतूक परवान्याची प्रत ठेवा. दंडाची नोटीस जमीनमालकालाही येते.

जागेचा काही भाग जांभ्यावर असेल तरी बेफिकीर होऊ नका. वरचे कवच कठीण असते, त्याखाली मऊ पांढरट-गुलाबी चिकण थर किंवा पोकळ्या असू शकतात. फूटिंगच्या (खांबाखालच्या पायाच्या) रुंदीच्या दीड ते दोन पट खोलीपर्यंत ड्रिल करून बघा. दीड मीटर रुंद फूटिंग असेल तर तळाखाली तीन मीटर. आणि अर्धे घर कातळावर, अर्धे भरावावर असे कधीही करू नका. तडा नेमका त्या सांध्यावर जातो.

गोडे पाणी, सांडपाणी, पावसाचे पाणी

वाळूच्या पट्ट्यात पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. ढोबळ नियम असा की, ते समुद्रसपाटीच्या जेवढे वर उभे, त्याच्या सुमारे चाळीसपट खाली गोडे पाणी मिळते. उलट वाचले तर उपशाने पातळी दहा सेंटिमीटर उतरली की खारे पाणी चार मीटर वर सरकू बघते. म्हणून इथे खोल बोअरवेल हा उपाय नव्हे, तोच आजार आहे. उथळ, रुंद विहीर, लहान पंप, दिवसातून दोनदा थोडा उपसा. सीआरझेडमध्ये भूजल उपशावर बंधने आहेत, तेव्हा पंप बसवण्याआधी ती अट तपासा. पाण्याचा नमुना मे महिन्याच्या अखेरीस घ्या. ऑक्टोबरमध्ये सगळ्याच विहिरी गोड असतात. मे महिन्यात टीडीएस (विरघळलेले क्षार) लिटरला २००० मिलिग्रॅमच्या वर गेले तर पिण्यासाठी पागोळीचे पाणी साठवणारी टाकी आराखड्यात आत्ताच घाला.

हेच पाणी बांधकामाला वापरणार असाल तर आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाची मर्यादा लक्षात ठेवा: आरसीसीच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. विहीर मचूळ असेल तर टँकर, तोही तपासून. काही टँकरवाले खाडीकाठच्याच विहिरीवर भरतात.

सेप्टिक टाकीची जागा विहिरीच्या आधी ठरते, पण करताना लोक उलट करतात. शोषखड्डा विहिरीपासून किमान १८ मीटर आणि घरापासून ६ मीटर. त्याचा तळ पावसाळ्यातल्या भूजल पातळीच्या दोन मीटर वर असायला हवा. वाडीत पावसाळ्यात पाणी हातभर खोलीवर येते, मग दोन मीटर आणायचे कुठून? अशा जागी खड्डा खाली न खणता जमिनीच्या वर वाळू-खडीचा उंच ओटा करून त्यात पाणी मुरवावे लागते, किंवा बंद टाकीची शुद्धीकरण यंत्रणा बसवावी लागते. वाळू पाणी पटकन शोषते म्हणून लोक खूश होतात, पण पटकन मुरणारे पाणी गाळलेही जात नाही. शेजाऱ्याची विहीरही मोजा, फक्त स्वतःची नको. रिकामी टाकी पावसाळ्यात भूजलाने वर उचलली जाते, म्हणून तिला तळाशी काँक्रीटचे वजन द्या.

पऱ्या असेल तर तो वळवू नका, बुजवू तर नकाच. आणि चिऱ्याचा कोरडा गडगा पाडून तिथे काँक्रीटचे सलग कंपाउंड घालायची हौस आवरा. गडग्याच्या फटींतून पाणी पलीकडे जाते. सलग भिंत धरणासारखी पाणी अडवते आणि पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात आडवी होते, किंवा उभी राहून शेजाऱ्याची वाडी बुडवते आणि मग भांडण पंचायतीत. भिंत घालायचीच तर खाली दर दीड-दोन मीटरवर १०० मिलिमीटरचे पाइप, आणि पाणी येते त्या बाजूला मोरी.

झाडे, वाट आणि पहिले खोदकाम

समुद्राकडची झाडे वाऱ्याला आणि खाऱ्या तुषारांना अडवतात. उंडी, केवडा, वाळूवरची मर्यादवेल यांना हात लावू नका. सुरूची मुळे वाळूत उथळ राहतात आणि तो मुळासकट उलथतो, म्हणून घर त्याच्या उंचीच्या अंतरावर घ्या. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-मुरूड-दापोलीकडे माडपोफळींच्या वाड्या कशा झोपल्या, ते सगळ्यांनी पाहिले आहे. आंबा, फणस, जांभूळ तोडायचे तर वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते, झाड स्वतःच्या जागेत असले तरी.

वाटेची रुंदी फितीने मोजा. डंपर अडीच मीटर रुंद असतो, आणि दोन गडग्यांमधल्या कित्येक बिदींची (गल्ल्यांची) रुंदी तेवढीच. वळणावर तर तो फिरतच नाही. मोठी गाडी आत येत नसेल तर रस्त्यापाशी उतरवून लहान टेम्पोने आणण्याचा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरा. तयार काँक्रीटची गाडी येणार नसेल, तर स्लॅब जागेवरच्या मिक्सरने होईल. मग सिमेंट ठेवायला उंच, बंद खोली लागेल.

पायाचे खोदकाम फेब्रुवारी ते मेच्या मध्यापर्यंत उरका, तेव्हा भूजल सर्वांत खाली असते. वाळूत उभ्या कडा टिकत नाहीत, उंचीच्या दीडपट आडवा उतार द्या. खड्ड्यात पाणी लागले म्हणून मधोमध मोठा पंप टाकला तर तळातून वाळू उकळल्यासारखी वर येते आणि ज्या थरावर पाया बसवायचा तोच सैल होतो. पंप बाजूच्या चरात ठेवा, किंवा फूटिंगचा तळच पाण्याच्या पातळीच्या वर घेऊन जोते उंच करा. मला दुसरा मार्ग पसंत.

वाळवीविरोधी औषध भराव आणि जोत्याच्या टप्प्यावर मारतात, चौरस मीटरला पाच लिटर द्रावण. वाळूत ते थेट विहिरीकडे झिरपू शकते. विहीर जवळ असेल तर त्या बाजूला फवारणीऐवजी दुसरा अडथळा वापरा, आणि पाऊस तोंडावर असताना फवारणी करूच नका.

काँक्रीटची प्रत आत्ताच कंत्राटात लिहा. आयएस ४५६ प्रमाणे किनारी हवेत किमान एम ३० (काँक्रीटच्या ताकदीची प्रत) आणि ४५ मिलिमीटर कव्हर (सळीवरचा काँक्रीटचा थर), समुद्राचे तुषार थेट येत असतील तर एम ३५ आणि ५० मिलिमीटर. पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ च्या वर नको. सिमेंट स्लॅग (पोलाद भट्टीची मळी) किंवा पोझोलाना (राखेसारखी भुकटी) मिसळलेले. सल्फेटरोधक सिमेंट 'समुद्राचं' म्हणून विकले जाते, पण इथे लोखंडाचा शत्रू क्लोराइड आहे आणि त्याविरुद्ध ते कमकुवत ठरते. पुळणीची (समुद्रकिनाऱ्याची) किंवा खाडीची वाळू बांधकामात नको, क्रश सँड (दगड चिरडून केलेली वाळू) घ्या. सळ्या दोन महिने आधी आणून टाकू नका. जेवढ्या लागतील तेवढ्या, लाकडी ओंडक्यांवर जमिनीपासून वीतभर वर, ताडपत्रीखाली, आणि ताडपत्रीच्या दोन्ही कडा वाऱ्यासाठी मोकळ्या.

एवढे झाल्यावर जेसीबी बोलवा. पहिल्या दिवशी त्याला फक्त घराच्या ओट्याची चुन्याने आखलेली हद्द दाखवा, तिथली वरची वीस-तीस सेंटिमीटर काळी माती खरवडून वेगळी रचायला सांगा (वाडीला ती लागणारच आहे), झाडांभोवती काथ्याची दोरी बांधा आणि पऱ्याच्या काठावर चाक जाणार नाही यासाठी एक माणूस उभा करा.